तोफांच्या आधी कोळसा

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इंग्रजांच्या आरमारावरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळं तोफांचं आणि सेनापतींचंच कौतुक, कोळशाबद्दल एक ओळ नाही, ते मनाला लागलं म्हणून लिहितोय. मी 30 वर्षं बोटीच्या इंजिन रूममध्ये काढलीत आणि आमचे आजोबा वाफेच्या बोटीवर आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते.

मुंबईच्याच गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट 20 मार्च 1830 ला सुएझला निघाली. बंकरमध्ये, म्हणजे बोटीच्या कोळसा ठेवायच्या कोठारात, कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, तेवढ्यात वाटेतलं एडन बंदरसुद्धा (आजच्या येमेनमधलं) गाठता येत नाही, मग मिळेल त्या जागेत कोंबून अकरा दिवसांचा भरला आणि तरी एडनला लागली तेव्हा सहा तासांचाच शिल्लक होता! ज्याने इंजिन चालवलंय त्याला हे वाचूनच घाम फुटेल.

शिडाला वारा फुकट, आगबोटीला वाटेत कोळसा लागतोच. म्हणून तर 1839 मध्ये मुंबईहून फौज पाठवून एडन घेतलं, आणि 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला, आपल्याकडे किती जणांना माहितीय? पुढे 1869 ला सुएझ कालवा सुरू झाला, 1875 ला इंग्लंडने 40 लाख पौंड मोजून त्याचे शेअर घेतले, 1882 ला इजिप्तच ताब्यात. त्याच सुमाराला, म्हणजे 1879 ते 82, इंग्रज सरकारचं लॉर्ड कार्नार्व्हनच्या हाताखालचं चौकशी कमिशन बसलं होतं, कुठल्या बंदरात कोळसा आहे, तिथून व्यापार केवढा जातो, मग तिथे तोफा किती हव्यात, असा हिशोब. म्हणजे आधी कोळशाची वखार, मग किल्ला.

तारांचंही तेच. मुंबई ते एडन समुद्रातली तार 1870 मध्ये टाकली ती खाजगी कंपनीने, वरचं आवरण मलायाकडच्या झाडांच्या चिकाचं, गटापर्चाचं. कापसाचा भाव आणि आरमाराचा हुकूम एकाच तारेवरून जायचा. या तारांची किंमत इंग्रजांना पक्की ठाऊक होती, 1914 चं युद्ध पुकारल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी जर्मनीच्या समुद्रातल्या तारा कापायला घेतल्या.

पुढच्या पुरवणीत एडन, त्रिंकोमाली, सिंगापूर, हाँगकाँग या कोळशाच्या ठाण्यांचा नकाशा छापा ही विनंती, आणि सोबत आगवाल्यांबद्दलही लिहा. आजोबांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भट्टीचे डाग होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

एक निवृत्त बोटवाला, रत्नागिरी