राजवाड्याच्या रोषणाईत सावलीलाही जागा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या वास्तूवर रोषणाई करायचे ठरले की निविदेत पहिला आकडा वॅटचा येतो आणि दुसरा रंगांचा: किती वॅटचे किती फ्लडलाइट आणि ते किती रंग बदलणार. इंदूरच्या राजवाड्यासाठी ही सुरुवातच चुकीची आहे. पुढचे कोणतेही काम निघण्याआधी हे सविस्तर मांडावेसे वाटते.

राजवाड्याचे सात मजले एका साहित्याचे नाहीत. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. उजळ भिंत अंगावर पडलेल्या प्रकाशाचा मोठा हिस्सा परत फेकते, जुने काळपट लाकूड मात्र पंधरा-वीस टक्के फेकले तरी पुष्कळ. त्यामुळे चौकातल्या खांबावरून एकच मोठा झोत सोडला की खालचा भाग पांढराफटक पडतो आणि वरचे मजले काळेच राहतात. मग ते दिसावेत म्हणून आणखी वॅट चढवले जातात. शिवाय समोरून आलेला प्रकाश कोरीव कामाच्या खाचाही भरून टाकतो. सज्जे, महिरपी, खांब सगळे सपाट होऊन छापील पडद्यासारखे दिसू लागतात.

कोरीव काम दिसते ते सावलीमुळे. दिवा भिंतीपासून 20 सेंटिमीटरवर ठेवून झोत सरळ वर सोडला, तर दोन मीटर उंचीवरच्या एक सेंटिमीटर उठावाची सावली दहा सेंटिमीटर लांब पडते. तोच दिवा एक मीटर मागे नेला तर सावली दोन सेंटिमीटरच उरते. हा हिशोब दोन्ही बाजूंनी कामी येतो. नक्षीजवळ दिवा भिंतीलगत हवा. जिथे नंतर ठिगळे लावलेला ओबडधोबड गिलावा आहे तिथे तो मागे घ्यायचा, नाहीतर गवंड्याच्या थापीची प्रत्येक ओळ रात्री सगळ्या शहराला दिसते. वरच्या मजल्यांसाठी प्रत्येक सज्जाच्या आड लपतील असे पाच ते दहा वॅटचे छोटे दिवे पुरतात. लाकूड जवळून उजळले तर त्याला मोठा झोत लागतच नाही.

रंगाचेही तसेच. लाकडाचा तपकिरीपणा तांबड्या-पिवळ्या किरणांतून दिसतो. त्यावर निळा किंवा हिरवा झोत टाकला की परत पाठवण्यासारखे त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही, आणि चार मजले काजळी धरल्यासारखे दिसतात. दगडाला 3000 केल्विन (हा आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा), लाकडाला 2700 किंवा त्याहून थोडा पिवळा प्रकाश योग्य. रंग खरा दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, किमान 90 मागावा आणि त्यातला आर-9 हा गडद तांबड्याचा आकडा वेगळा लिहून घ्यावा. सीआरआयच्या सरासरीत आर-9 धरलेलाच नसतो, त्यामुळे स्वस्त दिवा कागदावर उत्तीर्ण होतो आणि सागवानावर नापास. स्वातंत्र्यदिनाला तिरंगा जरूर व्हावा, पण त्यासाठी वेगळी, काढून ठेवता येणारी जोडणी असावी. वर्षातले चार-पाच दिवस बाकीच्या तीनशे साठ दिवसांचा रंग ठरवू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे तारा. 1984च्या आगीत या वास्तूचा केवढा भाग गेला हे इंदूरकरांना सांगायला नको. आग कशाने लागते हा प्रश्न वेगळा, पण जुने कोरडे लाकूड किती लवकर पेट घेते हे आपण पाहिले आहे. त्यामुळे इथले वायरिंग साध्या इमारतीसारखे करून चालणार नाही. लाकडी मजल्यांवर 230 व्होल्टची तार नेऊच नये. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज करून देणारे डबे, खाली दगडी भागात, हवा खेळेल अशा लोखंडी पेटीत ठेवावेत आणि वर 24 व्होल्ट न्यावेत. मात्र कमी व्होल्टेज म्हणजे आग नाही असा अर्थ नव्हे. 24 व्होल्टवर शंभर वॅट म्हणजे चार अँपिअरच्या वर प्रवाह, आणि सैल जोड तेवढ्यावरही तापतो. असा जोड एमसीबीला कळत नाही. ती जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडते. म्हणून जोड लाकडात नकोत, तार धातूच्या नळीतून जावी आणि दिवा खिळ्या-स्क्रूने न ठोकता पकडीने बसवावा.

कमी व्होल्टेजची दुसरी अडचण अंतराची. शंभर वॅटची ओळ 30 मीटरवर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने नेली तर जवळजवळ 1.9 व्होल्ट वाटेतच जातात, आणि 1.5ची तार वापरली तर तीन. शेवटचे दिवे मंद का झाले याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. दोष मात्र दिव्याला दिला जातो.

तिसरी गोष्ट पुन्हा पुन्हा होते आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. प्रत्येक एलईडी ड्रायव्हर जमिनीकडे किंचित प्रवाह सोडतो, साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर. ठेकेदार पैसे वाचवायला तीस-चाळीस ड्रायव्हर एकाच 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर, टाकतो. पहिल्या पावसात ओलाव्याची गळती त्यात मिळते आणि ती सारखी पडू लागते. उद्घाटन दोन दिवसांवर असते. मग कोणीतरी आरसीसीबी बाजूला काढून थेट जोडणी करतो आणि दिवे छान लागतात. माणसाचा जीव वाचवणारे एकमेव साधन मात्र त्या दिवसापासून नसते. एका आरसीसीबीवर दहा-बाराच ड्रायव्हर, ही अट निविदेतच लिहावी.

चौकातले जमिनीत पुरलेले दिवे शक्यतो टाळावेत. दिवा बंद झाला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि तारेच्या तोंडातून ओलावा आत ओढते. काचेवर आतून थेंब दिसले की तो दिवा गेलाच समजा. आणि आपल्याकडे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, आहे. राजवाड्यासमोर उडणारा गुलाल आणि पाणी मिळून जो गाळ होतो तो काचेच्या कडेला बसतो, दिव्याच्या उष्णतेने भाजून निघतो आणि पुढे नुसत्या पाण्याने सुटत नाही. धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा आयपी 66च्या खाली असलेला दिवा इथे घेऊच नये. गेरच्या आदल्या दिवशी झाकणे, दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने सफाई, हे देखभालीच्या करारात तारखेसह हवे. दिव्याचे 50,000 तासांचे आयुष्य बहुतेकदा 25 अंश तापमानावर मोजलेले असते. इंदूरच्या मे महिन्यात बंद पेटीत काय होईल ते वेगळे विचारावे. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीला निम्म्यावर येते.

आणि उजेड किती? मध्यम रंगाच्या दगडाला अंधाऱ्या परिसरात 40 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप), मध्यम परिसरात 60 आणि झगमगत्या परिसरात 120 असे साधारण धरतात. म्हणजे भोवतालचे 6500 केल्विनचे पथदिवे, दुकानांच्या पाट्या आणि पडदे थोडे आवरले तर राजवाडा निम्म्या प्रकाशात उठून दिसेल. सराफ्याच्या खाऊबाजाराकडे रात्री उशिरापर्यंत जाणाऱ्या माणसांना चेहरे ओळखता येतील एवढा उजेड पायवाटांवर हवाच, पण तो झाकलेल्या, खाली पाहणाऱ्या दिव्यांतून यावा. राजवाडा अकरानंतर तीस टक्क्यांवर आणावा.

कृष्णपुरा छत्र्यांना, म्हणजे होळकरांच्या स्मारकांना, हीच पद्धत लागू आहे, फक्त तिथे नदी आहे. प्रतिबिंब हवे असेल तर उजेड छत्रीवर टाकावा, पाण्यावर नाही. पाण्यावर टाकलेला झोत गढूळपणा तेवढा दाखवतो. नदीकाठी किडे पांढऱ्या-निळसर प्रकाशावर जास्त येतात, त्यांच्यामागे कोळी येतात आणि महिनाभरात काच जाळ्यांनी भरते. तिथे 2200 केल्विन घ्यावे.

एवढे सगळे कागदावरून ठरत नाही. खरेदीआधी निवडक जागी, एक दगडी आणि एक लाकडी, प्रत्यक्ष दिवे लावून एक रात्र चाचणी घ्यावी. लक्समीटर लावावा, चौकातून, सराफ्याच्या तोंडाशी आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांतून पाहावे, आणि तिथे पसंत पडलेला दिवा सीलबंद नमुना म्हणून ठेवून मगच उरलेल्यांची मागणी नोंदवावी. सोबत दर वीस दिव्यांमागे एक सुटा, त्याच बॅचचा, आत्ताच घ्यावा. पाच वर्षांनी तोच पांढरा रंग बाजारात मिळत नाही.

आपला,
प्रकाशयोजनेच्या कामातला एक वाचक, इंदूर