सूचना : रविवारच्या चर्चेआधी ‘इकिरु’ पाहून या

सभासदहो,

‘आवडता चित्रपट आणि निःस्वार्थीपणा’ या चर्चेसाठी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा ‘इकिरु’ (1952) ठरला आहे. लांबी 143 मिनिटे. तेव्हा शनिवारी रात्री उशिरा सुरू करून अर्ध्यावर झोपू नका. मागच्या वेळी काय झाले ते आठवते ना!

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. पोटाचा कर्करोग झालेला पालिकेतला अधिकारी वातानाबे उरलेल्या दिवसांत डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग उभी करतो. पण मला जास्त बोलायचे आहे ते त्याच्या मृत्यूनंतरच्या भागावर. उपमहापौर श्रेय स्वतःकडे घेतात आणि बागेजवळच्या वस्तीतल्या बायका येऊन वातानाबेच्या तसबिरीसमोर रडतात, कोणाशी वाद न घालता. सहकारी दारूच्या भरात शपथा घेतात, दुसऱ्या दिवशी कचेरी पुन्हा जशीच्या तशी. हे पाहताना मला माझेच संकल्प आठवले.

शिवाय, मरण समोर दिसल्यावर केलेले काम खरेच निःस्वार्थ म्हणायचे का? मला म्हणावेसे वाटते. काहींना पटणार नाही. वाद घालायला तयारीने या.

प्रत्येकाने एकच प्रसंग निवडावा. झोपाळ्याचा सोडून, तो सगळेच निवडतील. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.