रेडिया पर्लमन यांना, कोअर स्विचच्या रॅकपासून

आदरणीय पर्लमन मॅडम,
सादर नमस्कार.

‘इंटरनेटची आई’ हे बिरुद तुम्हाला रुचत नाही, तेव्हा ते बाजूला ठेवून थेट आभार मानतो. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये तुम्ही स्पॅनिंग ट्री (स्विचमधल्या जादा वाटा बंद ठेवून लूप टाळणारा प्रोटोकॉल) घडवलीत. तिच्याच जोरावर आम्ही प्रत्येक मजल्याच्या स्विचपासून दोन्ही कोअर, म्हणजे मध्यवर्ती, स्विचना एकेक केबल बिनधास्त टाकतो. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे उड्यांची मर्यादा, असतो; गरगर फिरलं तरी ते कधीतरी मरतं. इथरनेट फ्रेमला मरण नाही. लूप लागला की एखादा एआरपी ब्रॉडकास्टसुद्धा (‘हा आयपी कुणाचा?’ अशी सगळ्यांना घातलेली हाक) फिरत, वाढत राहतो आणि अख्खी इमारत ठप्प.

पण झाडाचं मूळ कुठे, हे आम्हीच सांगावं लागतं. प्रायॉरिटी (इथे लहान आकडा जिंकतो) सगळीकडे मूळची ३२७६८ च राहू दिली, तर सर्वात लहान मॅक अॅड्रेसवाला (म्हणजे हार्डवेअर पत्त्याचा) स्विच रूट, म्हणजे झाडाचं मूळ, होतो. तो बहुधा कोपऱ्यातला सगळ्यात जुना निघतो! म्हणून पहिल्या कोअरला ४०९६, दुसऱ्याला ८१९२.

आयपीची मांडणी याच मुळाला धरून करायची. समजा, व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) १० ला १०.२०.१०.०/२४ दिलं. पहिल्या कोअरच्या व्हीलॅन इंटरफेसला .२ (म्हणजे १०.२०.१०.२), दुसऱ्याला .३, आणि व्हीआरआरपीचा (एक कोअर पडला तर दुसऱ्याकडे गेटवे सोपवणाऱ्या प्रोटोकॉलचा) सामाईक पत्ता .१. पीसींना गेटवे म्हणून .१ च द्यायचा. व्हीआरआरपीची प्रायॉरिटी पहिल्यावर ११०, दुसऱ्यावर नेहमीची १००; इथे मोठा आकडा जिंकतो आणि तो कोअर मास्टर, म्हणजे चालू गेटवे, होतो. रूट एकीकडे आणि मास्टर दुसरीकडे पडला, तर बंद काही पडत नाही, पण ट्रॅफिक दोन कोअरमधल्या लिंकवरून उगाच हेलपाटा घालतं. ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

फायरवॉलकडे जायला वेगळा व्हीलॅन ९९, १०.२०.९९.०/२९: सामाईक .१, कोअर .२ आणि .३, फायरवॉल .४. कोअरवर राउटिंग चालू करून डिफॉल्ट मार्ग .४ कडे. फायरवॉलवर १०.२०.०.०/१६ चा (आतल्या सगळ्या व्हीलॅनचा) परतीचा मार्ग .१ कडे. हा परतीचा मार्ग हमखास विसरतो. मग कोअरवरून बाहेर पिंग जातं, कारण ते .२ या शेजारच्या पत्त्यावरून निघतं. पीसीवरून मात्र जात नाही, आणि दोष विनाकारण आयएसपीवर जातो. डीएचसीपी सर्व्हर (पीसींना आयपी पत्ते वाटणारा) दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर प्रत्येक व्हीलॅन इंटरफेसवर, दोन्ही कोअरवर, पीसीची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणारा रिले लावायचा. ब्रॉडकास्ट व्हीलॅन ओलांडत नाही.

एक लाडिक तक्रार. तुमच्या मूळ प्रोटोकॉलचे १५ अधिक १५ सेकंद पीसीला झेपत नाहीत. पोर्ट उघडेपर्यंत डीएचसीपी थकतं आणि पीसी स्वतःच ठरवलेला १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो. म्हणून टेबलाकडच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (न थांबता पोर्ट उघडणं), आणि त्याच्या जोडीला बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप, आले की पोर्ट बंद करणारा). टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये कुणी एकाच केबलची दोन्ही टोकं खुपसली, तर तुमचेच बीपीडीयू परत येतात आणि तेवढं एक पोर्ट बंद पडतं. बाकी मजला चालू.

आपले कृतज्ञ,
रॅकपाशी उभे राहणारे नेटवर्कवाले