वॉशिंग्टन बुद्रुक

कराड,
दिवाळीच्या आदला आठवडा

प्रिय सुधा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. सूनबाई आणि बाळ दोघं सुखरूप घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. बाळाला न्हाऊमाखू घालून जो वेळ उरेल त्यात हे वाच, घाई नाही.

लेकाचं घर इंग्लंडातल्या ज्या गावात आहे त्याचं नाव वॉशिंग्टन, आणि 'अमेरिकेचं नाव इथे कसं आलं?' असं तू विचारलंस. अगं, उलट आहे. हे नाव तुमच्या त्या गावातूनच अमेरिकेत गेलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दिवाळीची भांडी घासायला काढली होती. माळ्यावरच्या तांब्याच्या घंगाळाला चिंच लावली, तर काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली : 'वि. ग. कुलकर्णी, रेठरे बु॥'. आम्ही रेठरेकर, हे तुला ठाऊकच. पण सासऱ्यांच्या आजोबांच्या भांड्यावर आडनाव कुलकर्णी आहे आणि रेठरे हा नुसता पत्ता आहे. पुढे गाव सुटलं आणि पत्त्याचंच आडनाव झालं. हात चिंचेने माखलेले, आणि मी किती वेळ तशीच बसून राहिले. तुमच्या वॉशिंग्टनची गोष्ट अगदी हीच आहे, म्हणून ती नीट शोधून काढली.

तुमच्यापासून जवळच बोल्डन नावाचं गाव आहे. ११८३ साली डरहॅमचे बिशप ह्यू द प्यूझे यांनी आपल्या मुलुखाची पाहणी करवली : कुठल्या गावाकडून काय येणं, कोणी काय चाकरी करायची. आपल्याकडच्या जमाबंदीसारखंच. त्या दफ्तराला बोल्डन बुक म्हणतात, कारण बऱ्याच गावांच्या नोंदीत 'बोल्डनप्रमाणे' एवढंच लिहून भागवलंय. त्यात एक नोंद आहे. विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वेसिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. त्याने आपलं हर्टबर्न बिशपना दिलं आणि त्या बदल्यात हे घेतलं. वर्षाला ४ पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं.

बघ, हा माणूस हर्टबर्नचा म्हणून हर्टबर्न. गावाची अदलाबदल झाली आणि त्याचं घराणं 'द वेसिंग्टन', म्हणजे वेसिंग्टनचे, झालं. तो सौदा झाला नसता तर अमेरिकेची राजधानी आज हर्टबर्न असती! त्या काळी आडनाव अंगाला चिकटलेलं नव्हतं, जमीन बदलली की तेही बदलायचं. ते कायमचं चिकटलं पुढच्या शे-दोनशे वर्षांत. मधला 'द' गळून पडला, आणि स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. डरहॅमच्या मठाचे प्रमुख जॉन (१४१६ ते १४४६) हे अजून वेसिंग्टनच आहेत. मूळ शब्दाचा धुण्याशी काही संबंध नाही. वासा किंवा ह्वासा अशा नावाच्या कुणा जुन्या सॅक्सन माणसाच्या लोकांची वस्ती, असा त्याचा अर्थ लावतात. आणि शोधणाऱ्याने एक जपायचं. दक्षिणेला ससेक्समध्ये दुसरं एक वॉशिंग्टन आहे. आडनाव सारखं दिसलं की धरलं एका गावाला, असं करून चालत नाही.

१४व्या शतकाच्या अखेरीस थोरल्या पातीला मुलगा उरला नाही आणि गाव लेकीबरोबर दुसऱ्या घराण्यात गेलं. पण धाकटी पाती आधीच लँकशरमधल्या वॉर्टनकडे गेली होती, नाव बरोबर घेऊन. त्यांच्यातला लॉरेन्स लोकरीच्या व्यापारात शिरला, नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९मध्ये त्याने ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स मोजून सल्ग्रेव्हची जहागीर घेतली. या लॉरेन्सच्या घरात पुढच्या पिढ्यांतही लॉरेन्सच लॉरेन्स आहेत, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

हा घोटाळा मला सगळ्यात आवडला, म्हणून सविस्तर सांगते. १७९१मध्ये लंडनचे घराण्यांची दफ्तरं सांभाळणारे अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून वंशावळ विचारली. त्यांनी उत्तर दिलं की या विषयाकडे मी फारसं लक्ष दिलेलं नाही. उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातून आलो, नक्की कुठला ते आठवत नाही. आपल्या घराण्यातले जॉन आणि लॉरेन्स हे दोघे भाऊ १६५७च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आले, एवढं मात्र त्यांना माहीत होतं. हर्डना सल्ग्रेव्हच्या घराण्यात जॉन आणि लॉरेन्स असे सख्खे भाऊ सापडले. नावं जुळली, काळ जवळपास जुळला, वंशावळ लिहून मोकळे. ती छापली गेली आणि कितीतरी वर्षं खरी मानली गेली.

मग १८६६मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी दाखवून दिलं की तो जॉन इंग्लंडातच 'सर' झाला होता आणि तो लॉरेन्स पाद्री होता. व्हर्जिनियातल्या भावांना यातलं काहीच लागू पडत नाही. चेस्टरनी चुकीचं खोडलं, पण बरोबर काय ते हाती आलं नाही. ते लागलं १८८९मध्ये, हेन्री वॉटर्स यांना. ट्रिंग नावाच्या गावी ॲम्फिलिस वॉशिंग्टन नावाची विधवा वारली होती. तिच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंचा कारभार फेब्रुवारी १६५६मध्ये तिचा मुलगा जॉन याच्याकडे दिल्याची छोटीशी नोंद. तिचा नवरा म्हणजे तोच पाद्री लॉरेन्स! इसेक्समधल्या परलीच्या चर्चमधून १६४३मध्ये, यादवीच्या धामधुमीत, त्याला काढून टाकलं होतं. म्हणजे हर्डनी ज्याला व्हर्जिनियाला गेलेला भाऊ मानलं, तो खरा त्या भावांचा बाप. एक अख्खी पिढी गाळली गेली होती, आणि ती परत मिळाली आईच्या कागदावरून. सुधा, आपल्या वंशावळींत बाईला नुसतं 'कन्या' नाहीतर 'पत्नी' लिहून सोडतात. मला त्या ॲम्फिलिसचं नाव कागदावर दिसलं तेव्हा भरून आलं.

आता तुझं काम. गावात वॉशिंग्टन ओल्ड हॉल आहे. घर बरंचसं १७व्या शतकातलं, पण मूळ जुन्या वाड्याचे काही दगड त्यात अजून आहेत. मधल्या काळात तिथे एकेका खोलीत कष्टकऱ्यांची बिऱ्हाडं राहत होती, पाडायचंही ठरलं होतं. गावातल्या एका शिक्षकाने १९३६मध्ये मंडळी जमवून ते वाचवलं. बाळाला बाबागाडीत घालून एकदा जाऊन ये. घराण्याचं निशाण दिसलं तर नीट बघ : पांढऱ्यावर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबड्या चांदण्या. अमेरिकेच्या राजधानीचा झेंडा हाच आहे. जमलं तर जुन्या भिंतीचा जवळून फोटो पाठव, नुसत्या दगडांचा.

घंगाळ लखलखीत झालंय. यंदा नरकचतुर्दशीला त्यातच पाणी तापवणार. काठावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली आणि अक्षरं उतरवून घेतली. 'बु॥'च्या दोन रेघा तेवढ्या पुसट आल्यात. तो कागद सोबत ठेवला आहे.

तुझी,
मंदा