काकांना तिथे ठेवण्याआधी

नाशिक, गंगापूर रोड
रविवार

प्रिय सुध्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सीबीएसच्या सिग्नलला रिक्षात अडकलो होतो. त्या गोंगाटात धड बोलता येईना, म्हणून "कळवतो" म्हणून ठेवून दिला. असंही हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

काकांना पुण्याला न नेता नाशकातच वृद्धाश्रमात ठेवायचं, हे तुम्ही भावंडांनी ठरवलंत ते मला पटलं. जन्म पंचवटीत गेलेला माणूस वाकडच्या चौदाव्या मजल्यावर काय करणार? संस्था कशी निवडायची असं तू विचारलंस. जेवण, स्वच्छता, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री ड्यूटीला कोण असतं, हे तू बघशीलच. तुझ्यातला ऑडिटर काही गप्प बसणार नाही. मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि तीही लांबण लावून, तेव्हा चहा घेऊन बस. मॅनेजरांना एवढं विचार: उद्या पुन्हा एखादी साथ आली आणि तुम्ही फाटक लावलंत, तर आमच्यापैकी कोणाला आत सोडाल?

मॅनेजर बहुतेक हसतील. "आता कुठला कोरोना साहेब," म्हणतील. हसू देत. उत्तर घेतल्याशिवाय उठू नकोस.

माझ्या आईला आम्ही इथल्याच एका वृद्धाश्रमात ठेवलं ते २०१९च्या दिवाळीनंतर. तुला माहीतच आहे, विसराळूपणा पार पुढे गेला होता, रात्री गॅस चालू ठेवून ती दारात उभी राहायची. मी रोज संध्याकाळी जाऊन तिला जेवायला घालायचो. मार्चमध्ये संस्थेच्या ग्रुपवर मेसेज आला, पुढील सूचनेपर्यंत भेटी बंद. त्याच आठवड्यात २२ तारखेचा जनता कर्फ्यू, मग २५पासून सगळा देश बंद. महिनाअखेरीस लासलगावजवळ जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलमध्ये मालेगावच्या बातम्यांनी घरोघरी पाचावर धारण बसली.

तेव्हाची ती बंदी बरोबरच होती, असं मी आजही म्हणतो. हा आजार म्हाताऱ्यांना गाठून मारतो, हे अमेरिकेतल्या कर्कलंडच्या एका नर्सिंग होमने, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारीतच दाखवून दिलं होतं. लक्षणं नसलेला माणूसही आजार देतो, तपासण्या मिळत नाहीत, मास्क सापडत नाहीत, अशा वेळी दार लावण्याखेरीज मॅनेजर तरी काय करणार होते? त्यांनी देखभाल करणाऱ्या मावशींपैकी काही जणींना आतच राहायला सांगितलं, हॉलमध्ये गाद्या टाकल्या. एका मावशीचं पोर गावाला आजीकडे, आणि ती इथे माझ्या आईचे डायपर बदलत होती. तिने त्या दिवसांत जे केलं ते मी कधी विसरणार नाही.

पण महिने गेले तरी ते दार तसंच राहिलं. खरी गोम तिथे आहे.

आईला जेवू घालणं म्हणजे नुसतं चमच्याने भरवणं नव्हतं. मागे एक हलका झटका येऊन गेल्यापासून ती घास डाव्या गालात धरून ठेवायची. तोंड रिकामं दिसलं म्हणून पुढचा घास द्यावा, तर आधीचा तिथेच. मग ठसका. म्हणून प्रत्येक घासानंतर गालावर बोट टेकवायचं, "आई, गीळ" म्हणायचं आणि गळ्याची हालचाल दिसेपर्यंत थांबायचं. पाणी उजव्या बाजूने, पेल्याने नाही, चमच्याने. भात मऊ आणि वरण घट्ट. पातळ वरण सरळ घशात उतरायचं आणि छातीत जाण्याची भीती. वाटी तिच्या हाताला लागलेली असली तरच तोंड उघडायची, नाहीतर ओठ मिटून बसायची. ही सगळी विद्या संस्थेच्या कुठल्याच वहीत नव्हती. माझ्याकडे आणि हिच्याकडे होती, आणि आम्ही दोघंही फाटकाबाहेर.

आतल्या मावशींकडे तेव्हा किती जणांचं जेवण होतं बघ. एकीला उलट्या, दुसऱ्याला ताप आला की सगळ्यांची धावपळ. ओठ मिटले की त्यांना वाटायचं, आजींना भूक नाही. ताट परत.

व्हिडिओ कॉल असायचे. त्यांचं काय सांगू! आई फोनमध्ये बघायचीच नाही, फोन धरलेल्या मावशीकडे बघायची. मी "आई" म्हटलं की आवाज कुठून आला म्हणून मान वळवून खिडकीकडे. कानाने कमी, त्यात समोरच्यांच्या तोंडाला मास्क, म्हणजे ओठ वाचायचीही सोय गेली. एकदा तिने मावशीला विचारलं, "हे गृहस्थ कोण?" आणि मावशीने प्रसंग सावरून घेत सांगितलं, "बँकेतले साहेब आहेत." आई लगेच पदर सावरून बसली आणि पासबुक मागायला लागली. आम्ही दोघंही हसलो, मग मी फोन ठेवला.

खिडकीचा मार्ग नंतर सापडला. तिची खोली तळमजल्यावर, मागच्या बोळाकडे. मॅनेजरांना विचारून मी बाहेरून खिडकीशी जायला लागलो. त्या खिडकीला गज आणि त्यावर डासांची बारीक जाळी, त्यामुळे आतून बाहेरचा माणूस नुसती सावली दिसायचा. वॉचमनमामांनी एके दिवशी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि जाळीची चौकटच काढून ठेवली. "डास गेले तेल लावत, आजींना पोरगा दिसू दे," म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचा हात नीट पाहिला. काचेच्या बांगड्या, ज्या मनगटावर घट्ट बसायच्या, त्या तिने हात उचलताच कोपरापर्यंत घरंगळल्या. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर हे कधीच दिसलं नव्हतं. वजन करून घेतलं तेव्हा भरपूर उतरलेलं निघालं.

मग मी एका कार्डशीटवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आईला कसं भरवायचं ते, घासाघासागणिक. मावशींनी ते तिच्या खाटेच्या वर चिकटवलं. फरक पडला, अगदीच नाही असं नाही. पण गिळलंय की नाही हे गळ्याकडे बघून ओळखायचं असतं. कार्डशीट वाचून ती नजर यायला वेळ लागतो.

माझी लेक तेव्हा हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला होती. तिथेही हेच. २० मार्च २०२०पासून देशभरातल्या नर्सिंग होममध्ये भेटी बंद. पण ११ मेला त्यांनी २६ संस्था निवडल्या आणि दार किलकिलं करून बघितलं. प्रत्येक रहिवाशामागे ठरलेला एकच माणूस, मास्क वगैरे नियम पाळून. सोबत विद्यापीठांची माणसं सगळ्या नोंदी करत होती. पाहणीच्या त्या काळात या संस्थांत नवी लागण आढळली नाही, उलट माणसं सुधारली. लेकीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच चिडलो, तिचा काय दोष! अमेरिकेत केंद्र सरकारच्या संस्थेने १३ मार्च २०२०ला नर्सिंग होममधल्या भेटी थांबवल्या आणि सगळ्यांना सदासर्वकाळ भेटायची मुभा पुन्हा दिली ती १२ नोव्हेंबर २०२१ला. मधे सवलती आल्या, अंगणातल्या भेटी, लसीनंतरच्या भेटी, पण तोवर कित्येकांची वेळ संपली होती. तिथल्या काही राज्यांनी मात्र २०२०च्या उन्हाळ्यातच ओळखलं, की रोज येऊन भरवणारी मुलगी पाहुणी नसते, ती कामाचं माणूस असते. तिला कर्मचाऱ्यांसारखेच नियम लावायचे आणि आत घ्यायचं. सुध्या, मला जे म्हणायचंय ते एवढंच. मावशी रोज बाहेरून येत असेल, दूधवाला येत असेल, लिफ्ट दुरुस्त करणारा येत असेल, तर मास्क लावून, तपासणी करून मी का नाही?

आपल्याकडे असा नियम कोणी लिहून ठेवलेला मला दिसला नाही. सगळं मॅनेजरांच्या स्वभावावर. आमचे माणूस म्हणून चांगले होते. दिवाळीच्या सुमारास देवळं उघडली तसं त्यांनी अंगणात आंब्याखाली दोन बाकं टाकली, मधे प्लास्टिकचा पडदा. मी डबा घेऊन जायचो आणि पडद्याच्या खालून हात घालून भरवायचो. नियमात बसत नव्हतं, ते तोंड फिरवून उभे राहायचे.

मग २०२१चा मार्च-एप्रिल. नाशिकचं तेव्हा काय झालं होतं ते तू पुण्यात बसून वाचलंस, आम्ही इथे भोगलं. २१ एप्रिलला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि व्हेंटिलेटरवरची वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर काही आठवडे मी आत सोडा असं एका शब्दाने म्हटलं नाही. तेव्हा बंदच योग्य होतं. दार कधी लावायचं हे जसं कळलं पाहिजे, तसं कधी उघडायचं हेही, माझं भांडण एवढ्यापुरतंच आहे.

लसीचीही तऱ्हाच. साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासून लस खुली झाली, पण नोंदणीला ओळखपत्र हवं आणि आईच्या संस्थेतल्या कित्येकांची आधार कार्डं मुलांच्या कपाटात, मुलं परगावी. अंथरुणाला खिळलेल्यांना केंद्रावर न्यायचं कसं हा आणखी एक घोळ. मेमध्ये केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत आखली, त्यात वृद्धाश्रमातली माणसं धरली होती. घराजवळ केंद्रं उघडायच्या सूचनाही त्याच महिन्यात आल्या. आईला आम्ही त्याआधीच व्हीलचेअरवरून नेऊन पहिला डोस देऊन आणला होता. आणि दुसऱ्याची वेळ येते न येते तोच कोविशिल्डचं अंतर १२ ते १६ आठवड्यांवर गेलं!

आईच्या शेजारच्या खोलीत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचा मुलगा तुझ्यासारखाच पुण्यात. २०२०मध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला सुटला आणि पुढच्या एप्रिलमध्ये परत आला. तो बिचारा पास काढून पाच तास गाडी चालवत येणार, फाटकावर दहा मिनिटं उभा राहणार, परत जाणार. गुरुजी त्याला दर वेळी विचारायचे, "आत का येत नाहीस रे, रागावलायस का?" म्हणून सांगतो, यादीत तुझं नाव असेलच, पण तुझ्याआधी नाशकातल्या माणसाचं नाव घाल. तुझी मेव्हणी सिडकोत आहे ना? तिला जमणार असेल तर ती. नाहीतर मी आहे. काकांकडून सायकल शिकताना मी माझे गुडघे फोडून घेतलेत, तेवढा हक्क मला आहे.

आणि हे तोंडी नको. ॲडमिशनच्या कागदांत एक पान वाढवून घे, त्यावर दोन नावं, फोन नंबर आणि "साथीच्या काळात तपासणी करून व मास्क लावून यांना प्रवेश" एवढी ओळ, खाली मॅनेजरांची सही. कायद्याने तिला किती वजन आहे हे वकिलाला विचारावं लागेल. पण वेळ आली की ते पान पुढे करता येतं. काकांचं कसं भरवायचं, कुठल्या कुशीवर झोप लागते, चष्मा कुठला, दात रात्री कुठे ठेवायचे, हेही आत्ताच लिहून दे आणि मावशींना करून दाखव, दोन-तीन दिवस जाऊन.

आई २०२२च्या पावसाळ्यात गेली. साथीने नाही, वयाने. तेव्हा भेटी पूर्ण खुल्या होत्या, आम्ही दोघंही जवळ होतो.

मखमलाबादकडची ती संस्था मला बरी वाटते, आधी तिथेच जाऊ. शनिवारी ये, रविवारी त्यांचं ऑफिस बंद असतं. येताना काकांच्या औषधांची यादी आणि त्यांच्या आधार कार्डाच्या चार झेरॉक्स घेऊन ये, मूळ कार्ड त्यांच्याजवळच राहू दे. जेवायला आमच्याकडेच यायचं, ही आत्ताच विचारते आहे की भरली वांगी चालतील ना.

तुझा,
अवि