नाथसागरातल्या बेटावरील अभ्यासकेंद्रासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पैठणच्या नाथसागरातील, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातील एका बेटावर वनविभागाच्या परवानगीने आमचे मंडळ पाण्याचे आणि माशांचे अभ्यासकेंद्र चालवते. पत्र्याची एक खोली, रसायनांचे कपाट, सौर दिवे आणि एक होडी, एवढाच पसारा. या पावसाळ्यात होडीचे इंजिन कायमचे गेले, बॅटऱ्याही उतरल्या. नोंदीत खंड पडण्याची वेळ आली आहे, म्हणून हे पत्र.

केंद्र काठावर का नाही, असे बरेच जण विचारतात. दिवसा शेवाळामुळे पाण्यातला प्राणवायू वाढतो. रात्री शेवाळ आणि मासे दोघेही तो वापरतात. त्यामुळे तो सर्वांत कमी असतो उजाडायच्या आधी. नमुना तेव्हाच घ्यावा लागतो, तोही काठच्या गढूळ पाण्याचा नव्हे, आतल्या पाण्याचा. एकही बुडबुडा न राहू देता बाटली भरायची आणि होडीतच तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड घालायचे. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. पुढचे मोजमाप खोलीत सावकाश करता येते. पण ही पायरी लांबली की आकडा खोटा येतो. आभाळ सलग झाकोळलेले राहिले की मासे वर येऊन तोंड वासतात, हे आपल्या भोई बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मासे मरायला लागण्याआधी त्यांना सांगता यावे, यासाठी ही सगळी धडपड.

जायकवाडी उथळ आणि पसरट धरण आहे. 2019 च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता आणि त्याच पावसाळ्यात नाशिककडच्या पाण्याने धरण भरत आले. एवढा चढउतार सोसणाऱ्या पाण्यात मासे कसे तगतात, हे वर्षानुवर्षांच्या सलग नोंदीतूनच कळते. सुटलेला उन्हाळा पुन्हा मोजता येत नाही. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडावी लागते. तिलापिया मात्र इथेच वाढते, तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. जाळ्यात कोणता मासा किती लांबीचा येतो, याची वही केंद्रावर आहे. मच्छीमार आपणहून मासे मोजू देतात, हे आमचे मोठेच भाग्य.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री नदी सुरय या पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत पोहोचतात. त्या दिवसांत तिथे माणूस असणे फार गरजेचे आहे.

इंजिनाला साधारण दीड लाख रुपये लागतील. बॅटऱ्या, रसायने आणि बेटावर राहणाऱ्या दोघा तरुणांचे मानधन मिळून वर्षाला आणखी अडीच लाख. व्यक्तिगत देणगी कितीही छोटी असली तरी चालेल. मराठवाड्यातील महाविद्यालयांना मात्र आमची वेगळी विनंती आहे. अँटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1872 साली इटलीत नेपल्सला सागरी संशोधन केंद्र उभारले. विद्यापीठे तिथले एकेक टेबल वर्षाच्या भाड्याने घेत आणि त्यांचे अभ्यासक येऊन काम करीत. केंद्र चालण्यात त्या भाड्याचा मोठा वाटा होता. आपल्या प्राणिशास्त्र विभागाने इथले एक टेबल वर्षभरासाठी घ्यावे. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी जागा, होडी आणि आजवरच्या सर्व नोंदी मिळतील. परभणी, नांदेड, लातूरच्या मुलांनी असे काम शिकायला समुद्रकाठीच जावे, हे आम्हाला पटत नाही.

देणगी मंडळाच्या कार्यालयात द्यावी, पावती लगेच मिळेल. लाइफ जॅकेट, दुर्बीण, चालू स्थितीतला वजनकाटा अशा वस्तूही हव्या आहेत. जुनी रसायने मात्र आणू नयेत. ज्यांना बेटावर यायचे आहे त्यांनी आधी कळवावे. अभयारण्य असल्याने परवानगीशिवाय कुणालाही नेता येत नाही.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, पैठण