महिन्याला एक निळा पंप लागत असेल तर जरा थांबा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक जाहिरात होती, दमा मुळासकट बरा होईल, पंप (इनहेलर) कायमचा सुटेल, खाली मोबाईल नंबर. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मेडिकलवर लोकं तो कागद फाडून आणायला लागले, हे औषध तुमच्याकडं भेटते का म्हणून. त्यासाठी हे पत्र. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, घाटंजी तालुक्यात काउंटरवर बसतो. पण पंपाबद्दल लोकांच्या मनात खरं काय आहे ते डॉक्टरपेक्षा मलाच जास्त ऐकू येतं, कारण डॉक्टरसमोर सगळे हो जी हो जी करतात अन् चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली की मग बोलतात, "काहून भाऊ, एवढ्यातच पंप लावून राहिले का मले? पंप राहू द्या, गोळ्याच द्या."

गोळी म्हणजे साधी अन् पंप म्हणजे शेवटची पायरी, हे डोक्यात कुठून बसलं देव जाणे. हिशोब तर उलटाच आहे. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासाची नळी मोकळी करणारं औषध, त्याची मोठी गोळी 4 मिलिग्रामची असते, आणि पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर, औषध असतं 100 मायक्रोग्राम, म्हणजे एका गोळीत चाळीस पफचा माल झाला. ती गोळी पोटात जाणार, रक्तात जाणार, सगळ्या अंगभर फिरणार आणि मग थोडीशी छातीत पोचणार, म्हणून तर गोळी घेतली की हात थरथरतात, छातीत धडधड होते. पऱ्हाटीच्या पानावर अळी दिसली तर आपण पानावर फवारतो, विहिरीत औषध ओतत नाही ना. श्वासाच्या नळीचा आजार आहे तर औषध नळीतच गेलं पाहिजे, बस्स.

आता मुद्द्याचं. पंप दोन तऱ्हेचे असतात आणि हे आमच्याकडं निम्म्या पेशंटला कोणी सांगितलेलंच नसतं. एक निळा, साल्ब्युटामॉलचा, तो आवळलेली नळी पाच-दहा मिनिटात मोकळी करतो म्हणून तो सगळ्यांना आवडतो. दुसरा स्टेरॉइडचा, बुडेसोनाइड वगैरे, तो नळीच्या आतली सूज कमी करतो, त्याचा फरक लगेच कळत नाही, दिवस लागतात, म्हणून लोकं तो आठ दिवसात सोडून देतात. पण जीव वाचवणारा तोच आहे. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात 30 हजारांवर दमेकऱ्यांच्या औषधांच्या नोंदी तपासून 2000 साली एक अभ्यास छापून आला, त्यात स्टेरॉइडचा पंप वर्षभरात जेवढा जास्त वापरला तेवढे दम्याचे मृत्यू कमी दिसले, दर जादा डब्यामागं 21 टक्के कमी. आणि ज्यांनी पंप बंद केला त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यात मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. हे वाक्य मी त्या जाहिरातवाल्याला ऐकवू इच्छितो.

कारण आमच्याकडं नेमकं काय होतं बघा. मृगाला लोकं रेल्वेनं हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जातात, कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घेतात, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही बोलायचं नाही, खीर खा, मासा गिळा. पण आता औषध घेतलं म्हणून पंप बंद करतात ना, तिथं घात होतो. कोजागिरी झाली की लगेच सोयाबीनचं कुटार, कापूस वेचणी, पुढं जिनिंगची धूळ अन् मग तुरीचं थ्रेशर, वरून थंडी. म्हणजे छातीला सर्वात जास्त त्रास व्हायच्या टायमालाच पंप कपाटात.

निळ्या पंपाचं तर मला जास्तच भेव वाटतं. दर महिन्याला नवीन निळा पंप नेणारी माणसं माझ्याकडं येतात, चांगली कमावती, आणि खुशीत सांगतात की आपलं मस्त चाललं आहे, दुसरा पंप लागतच नाही. एका डब्यात 200 पफ असतात. दम्याच्या जागतिक गाइडलाइन्स म्हणतात की वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो, आणि वर्षाला बारा म्हणजे महिन्याला एक लागला तर मृत्यूचासुद्धा. ह्याच गाइडलाइन्सनी 2019 पासून नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळायचा सल्ला देणंच बंद केलं. त्याच्या आदल्या वर्षी, 2018 ला, सौम्य दम्याच्या पेशंटवरच्या मोठ्या ट्रायलचा रिझल्ट आला होता, त्यात त्रास झाला की नुसतं नळी मोकळी करणारं औषध ओढणाऱ्यांपेक्षा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (सूज कमी करणारं अन् नळी मोकळी करणारं) एकत्र असलेला पंप ओढणाऱ्यांना गंभीर अटॅक 64 टक्के कमी आले. रोजचा पंपही नाही, त्रास झाला तेव्हाच घ्यायचा, तरी एवढा फरक. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के आपल्या देशात आहेत आणि दम्यानं होणारे मृत्यू मात्र साधारण 43 टक्के इथले, ह्याचं कारण शोधायला फार लांब जायची गरज नाही असं माझं मत आहे.

स्टेरॉइड म्हटलं की लोकं दचकतात, आणि तेच लोकं दम लागला की डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन मारून घेतात, वर "ताकदीची" म्हणून बारीक गोळी खातात, ती पण स्टेरॉइडच असते राजेहो! तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, ते चालतं. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्राममध्ये असतं. त्याला काहीच साइड इफेक्ट नाही असं मी म्हणणार नाही, तोंडात पांढरी बुरशी येते, म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं. लहान पोरांची उंची थोडी कमी भरते हे पण खरं, अमेरिकेत पोरांना मोठं होईपर्यंत मोजलं तर बुडेसोनाइडवाल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटर कमी निघाली. आता सव्वा सेंटीमीटर मोठं की पोराचा श्वास मोठा ते आईबापानं ठरवावं.

पण पंप म्हटलं म्हणजे सगळं चांगलं असंही नाही. चुलीच्या धुरानं किंवा बिडीनं फुप्फुस कायमचं खराब होण्याचा जो आजार, सीओपीडी, होतो (आमच्याकडच्या कितीतरी बायांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तरी छाती गेली, जन्मभर पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक केला) त्याच्यात पंपानं दम कमी लागतो, अटॅक कमी येतात, पण गेलेलं फुप्फुस परत येत नाही, आणि तिथं स्टेरॉइडच्या पंपानं न्यूमोनियाचं प्रमाण वाढतं हे मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं, म्हणून तिथं सरसकट द्यायचा नसतो. जोराच्या दम्यात मॅग्नेशियमची वाफ देऊन बघितली इंग्लंडमध्ये, 2013 ला रिझल्ट आला, विशेष फायदा नाही. कोरोनात घरोघरी गरम पाण्याची वाफ घेतली आपण, त्याचा पुरावा काही भेटला नाही, भाजलेली पोरं मात्र दवाखान्यात आली. त्याच कोरोनात बुडेसोनाइडचा पंप मात्र इंग्लंडमध्ये घरी असलेल्या वयस्कर पेशंटला देऊन बघितला तर ते साधारण तीन दिवस आधी बरे वाटायला लागले. शुगरचं इन्सुलिन ओढून घ्यायचं औषध 2006 ला अमेरिकेत आलं अन् दुसऱ्या वर्षी कंपनीनंच बंद केलं, नंतर 2014 ला वेगळं आलं, ते दमेकऱ्यांना चालत नाही. म्हणजे प्रत्येक औषधाचा हिशोब वेगळा.

आणि औषध कितीही चांगलं असो, ओढता आलं पाहिजे ना. एक आजोबा कॅप्सूलवाला पंप नेऊन पंधरा दिवसानं भांडायला आले, काहीच फरक नाही म्हणे. मी म्हटलं कसा घेता दाखवा. त्यांनी कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली अन् पाणी मागितलं. मशीन घरी फळीवर, नवं कोरं. कॅप्सूलवाला जोरात ओढायचा असतो, दाबून फवारा मारायचा डब्बीवाला हळू हळू ओढून मग दहा आकडे होईपर्यंत श्वास धरायचा, हे दोन मिनिटाचं काम आहे पण दाखवतं कोण? डब्बीवाला जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, लावा. स्पेसर महाग वाटतो तर केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 मध्येच दाखवून दिलं आहे की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून नीट सील केलं तर दम्याच्या पोरांना विकतच्या स्पेसरएवढाच फायदा होतो. अटॅक जिवावरचा नसेल तर स्पेसरमधून पंप आणि दवाखान्यातलं वाफेचं मशीन सारखंच काम करतात, तरी लोकं मशीन लावायलाच तालुक्याला पळतात. अजून एक, मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जातो तेव्हा पंप गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, त्याच्यात गॅस भरलेला असतो.

संपादक साहेब, जाहिरातीचे पैसे पेपरला लागतात हे मला समजतं. पण ज्या पानावर "पंप सुटेल" छापता त्याच पानावर, कोजागिरीच्या आधी, एखाद्या छातीच्या डॉक्टरकडून चौकट लिहून घ्या की पंप आपल्या मनानं बंद करू नका. आणि आरोग्य खात्याला तुमच्या मार्फत एवढंच विचारायचं आहे, साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइडचे पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, मग आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पेशंट बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात अजूनही गोळ्यांचीच पुडी का असते? तिथं पंप पाठवा, अन् सोबत तो ओढायचा कसा हे शिकवायला आशाताईंना एक दिवसाचं ट्रेनिंग द्या.

आपला वाचक,
एक फार्मासिस्ट
ता. घाटंजी, जि. यवतमाळ